हुकूम मास्तरचा, सल्ला पायलटचा

आमच्या कलकत्त्याच्या मराठी मंडळात कुणी नवं माणूस बदली होऊन आलं, मग ते बँकेतलं असो की फोर्ट विल्यममधलं, की ओळख करून देताना कुणीतरी हमखास सांगतं, "आणि हे आपले पायलट." समोरचा एकदम ताठ होतो. "वा! कुठलं विमान?" मी म्हणतो, "विमान नाही हो, जहाज." त्याचा चेहरा किंचित उतरतो, पण तो सावरून घेतो. "म्हणजे कॅप्टन!" "नाही, कॅप्टनही नाही." इथवर आलं की माणूस बटाटेवड्याच्या बशीकडे वळतो. त्याचा दोष नाही. विमान नाही, कॅप्टन नाही, म्हणजे मग हा करत होता तरी काय?

माझी बायको सुनंदा हा संवाद लांबून ऐकत उभी असायची आणि परतताना टॅक्सीत माझी नक्कल करून दाखवायची. "कॅप्टनही नाही" हे वाक्य मी म्हणे मान खाली घालून म्हणतो, शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलासारखं. गेल्या वर्षीपासून टॅक्सीत मी एकटाच असतो. यंदा मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुमच्या कामाबद्दल काही लिहा" असा निरोप आला, तेव्हा वाटलं, ते वाक्य एकदा मान वर करून लिहावं.

तर आधी धंदा सांगतो. समुद्रातून कलकत्त्याला यायचं तर सागर बेटापासून वर हुगळी नदीतून यावं लागतं, आणि ही नदी म्हणजे जहाजांच्या दृष्टीनं एक लहरी बाई आहे. तिच्या पोटात ठिकठिकाणी वाळूचे आडवे बांध आहेत. आम्ही त्यांना बार म्हणतो. हे बार प्यायचे नव्हेत, इथं फक्त पाणी मोजतात. भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन एकेक बार ओलांडायचा, आणि ओहोटी लागायच्या आत पुढचा गाठायचा. वाळू एका जागी राहत नाही. गेल्या महिन्यात जिथून जहाज गेलं, तिथं या महिन्यात कोळ्याचं पोर कमरेएवढ्या पाण्यात उभं असतं. त्यामुळे जगातला कितीही मोठा कॅप्टन असो, इथं आल्यावर त्याला नदी ओळखणारा माणूस जहाजावर घ्यावाच लागतो. तो बंदराचा कायदाच आहे. तो माणूस म्हणजे पायलट. आम्ही लाँचमधून जहाजाच्या बगलेला जायचो, वरून सोडलेली दोराची शिडी धरून चढायचो, जहाज वर आणून सोडायचो आणि शिडीनं उतरून घरी जायचो.

आता मुख्य मुद्दा. कॅप्टनला जहाजाच्या कागदावर कॅप्टन म्हणत नाहीत, मास्टर म्हणतात. मी नोकरीला लागल्यावर सुट्टीत हर्णैला गेलो आणि हे काकाला सांगितलं. काका मचव्यावर तांडेल होता. त्याला हसू आवरेना. "बोटीवर मास्तर? शाळा भरते की काय तिथं?" मी त्याला समजावलं की मास्टर म्हणजे जहाजाचा धनी. जहाजावर शेवटचा शब्द त्याचा. जहाज रुतलं, फुटलं, कुणाला धडकलं, तर पहिला जाब त्याला. पायलट चुकला तरी त्याला. आणि पायलट जहाज कसं न्यायचं ते सांगतो, पण त्यानं सांगितलेलं कायद्यानं फक्त सल्ला असतं. जहाजाच्या रोजनाम्यात तसं लिहितातही, की जहाज मास्टरच्या हुकमानं आणि पायलटच्या सल्ल्यानं चाललं आहे. काकानं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि विचारलं, "म्हणजे वाट तुला ठाव, आणि हुकूम त्याचा?"

"हो."

"मग बुडली तर तो बुडणार, आणि पोचली तर तू पोचवलीस. बरी नोकरी शोधलीस!"

काकानं ते थट्टेत म्हटलं होतं. आमच्यात ते चांगलंच रुजलं. घरात तेव्हापासून कॅप्टनला कुणी कॅप्टन म्हटलं नाही. सगळे मास्तरच.

प्रत्यक्षात ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून हाकतात त्या उंचावरच्या काचेच्या खोलीत, चालतं असं. पायलट बोलतो, "पोर्ट टेन," म्हणजे दहा अंश डावीकडे, की सुकाणूवरचा खलाशी ते मोठ्यानं परत म्हणून चाक फिरवतो, आणि मास्तर कोपऱ्यात गप्प उभा असतो. त्याचं गप्प राहणं हाच त्याचा हुकूम. बोलणारा पायलट असतो आणि गप्प राहणारा मालक. नवख्या माणसाला वाटतं, बोलतो तोच साहेब. आम्हालाही तरुणपणी तसंच वाटायचं.

या गप्प राहण्याच्याही तऱ्हा असायच्या. एक ग्रीक मास्तर यायचा, हातात मण्यांची माळ घेऊन. त्याला गप्प बसणं जमायचंच नाही. मी "स्टारबोर्ड फाइव्ह", म्हणजे पाच अंश उजवीकडे, म्हटलं की तो लगेच माझ्यावर आवाज चढवून "स्टारबोर्ड फाइव्ह!" ओरडायचा, आणि मगच खलाशानं चाक फिरवायचं अशी त्याची शिस्त. सबंध नदीभर सल्ला माझ्या तोंडातून निघायचा आणि हुकूम त्याच्या. डायमंड हार्बरपर्यंत त्याचा घसा बसायचा. मग तो बोटानं मला खूण करायचा, की तुझंच चालू दे. दुसरा एक मास्तर मी चढल्याबरोबर आरामखुर्चीत डोळे मिटून पडायचा. मला वाटायचं झोपला. एकदा मी उगीच "डेड स्लो" म्हटलं तर डोळे न उघडताच विचारतो, "का?"

पण जेवायला घाला, कॉफी द्या, सिगारेट पुढे करा, पायलट हा पाहुणाच. तीसेक वर्षांत किती जहाजं झाली त्याची मोजदाद नाही, पण त्यातल्या फार थोड्यांवर मला नावानं हाक मारली गेली. सगळीकडे मी 'मिस्टर पायलट'. त्यांचे वाढदिवस, भांडणं, कुणाच्या घरून आलेली वाईट बातमी, सगळं त्या ब्रिजवर माझ्या देखत व्हायचं आणि मी खिडकीतून वाळूकडे बघत राहायचो. जहाज धक्क्याला लागून खलाशी एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे तेव्हा मी उतरून गेलेला असायचो. एकटं वाटायचं. तेव्हा हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला ज्या घरी जायचो तिथं पोचल्यावर वाटेनासं व्हायचं.

ते घर सुनंदाचं होतं. माझंही होतं, पण पाटीवर.

सुनंदा इथलीच. तिचे आजोबा कधीतरी नोकरीनिमित्त आले आणि राहिले. तिचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं, त्यामुळे त्यात बंगाली झिरपलेलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "दमून आलात, पाणी खाणार?" बंगालीत पाणी खातात, सिगारेटही खातात. मी हसलो. तिला राग आला, आणि त्या रागातच पुढे जन्मभर ती पाणी खातच राहिली. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. काकाला हे कळलं तेव्हा त्यानं हर्णैहून निरोप धाडला होता, की घरात आता खरी मास्तर आली, तू तिथंही पायलटच राहणार.

तसंच झालं. माझी ड्यूटी भरती-ओहोटीवर. नदीच्या वेळा गणपती बघत नाहीत आणि मुलीची परीक्षाही बघत नाहीत. मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, सासऱ्यांच्या पायाचं ऑपरेशन करायचं की नाही, राधिकानं, म्हणजे आमच्या मुलीनं, शिकायला पुण्याला जावं का, हे सगळे प्रश्न मी घरी पोचायच्या आधी उठायचे आणि गेल्यावर सुटायचे. मधल्या वेळात मी चहा पीत दोन्ही बाजू मांडायचो. असं केलं तर हे, तसं केलं तर ते. सुनंदा कणीक मळता मळता ऐकायची आणि म्हणायची, "आले उंटावरचे शहाणे. द्या सल्ला, आणि उतरा शिडीनं." मग ती तिला हवं ते ठरवायची, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. मला ही व्यवस्था फार आवडायची. मी ती मंडळात विनोद म्हणून सांगायचो.

बागबाजारचं घरसुद्धा तिनंच ठरवलं. बंदरातली बाकीची मंडळी गोदीजवळ खिदिरपूर, बेहालाकडे राहायची. सुनंदा म्हणाली, बागबाजारच घ्यायचं. अठराव्या शतकात मराठे येतील या भीतीनं जिथून खंदक खणला होता, तिथंच मराठी माणसानं घर घेतलं म्हणून खालच्या मजल्यावरचे घोषदा मला आजतागायत "आमादेर बर्गी", म्हणजे आमचा मराठा लुटारू, म्हणतात; एरवी मी त्यांचा बसंतदा. मी तिला विचारलं होतं, इतक्या लांब का? ती म्हणाली, "तिथं नदी आहे पण जहाज येत नाही. हावड्याच्या पुलाच्या खालून कोण येणार? घरी आल्यावर तरी तुम्ही खिडकीत उभं राहून कुणाचं जहाज बघत बसणार नाही." गच्चीवरून फेरी बोटी दिसतात आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास कधीकधी बान दिसतो. बान म्हणजे समुद्राच्या भरतीची भिंत, नदीच्या उलट्या दिशेनं चढत येणारी. घाटावरची पोरं "बान आसछे, बान आसछे!" ओरडत पायऱ्या चढतात. सुनंदा दर वेळी बघायला जायची. भूगोलाच्या बाईंना तेवढीच मौज.

आता एका पोराची गोष्ट सांगतो. पोर म्हणजे मास्तर होता, पण त्याची ती पहिलीच मास्तरकी. कॅप्टन मॅथ्यू, केरळचा. पिवळा वाटाणा भरून आलेलं जहाज होतं. सकाळची वेळ, भरती संपत आलेली, आणि आम्ही हुगळी पॉइंटच्या वळणाला आलो होतो. तिथं रूपनारायण नदी येऊन मिळते. दोन पाणी एकमेकांना भिडतात आणि जहाजाला धरून ओढतात. आमच्या धंद्यात या जागेचं नाव काढलं की लोक बोलणं थांबवतात. तिथं वाळूवर नाक टेकलं आणि ओहोटी सुरू झाली, तर पाणी जहाजाला आडवं ढकलतं आणि कलंडवतं.

त्या दिवशी जहाजाचं नाक डाव्या काठाकडे ओढलं जायला लागलं. चाक पूर्ण उजवीकडे असूनही. अशा वेळी कुणालाही वाटतं, थांबवा, मागे घ्या. समोर काठ येतोय, झाडं मोठी होताहेत, आणि शहाणा माणूस ब्रेक दाबतो. पण जहाजाचं सुकाणू पंख्यानं ढकललेल्या पाण्यावर चालतं. इंजिन थांबलं की सुकाणूला पाणी मिळत नाही. हळू झालेली सायकल जशी डगमगते, तसं. तिथं वेग वाढवायचा असतो, काठाकडे तोंड असताना. मी म्हणालो, "फुल अहेड."

इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून उभा असलेला अधिकारी हलला नाही. त्यानं मॅथ्यूकडे पाहिलं. सुकाणूवरच्या खलाशानंही पाहिलं. पायलट बोलत असताना सगळे पायलटचं ऐकतात, पण जीव घाबरला की नजर मालकाकडेच जाते. मॅथ्यूचा ओठ पांढरा पडला होता. तो माझ्याकडे वळला आणि त्यानं विचारलं,

"मिस्टर पायलट, ही ऑर्डर आहे की ॲडव्हाइस?"

मी कायद्यात होतं तेच उत्तर दिलं. "ॲडव्हाइस, कॅप्टन. ऑर्डर तुमची."

तो काठाकडे बघत उभा राहिला. किती वेळ ते मी सांगणार नाही, कारण मला ते कळलंच नाही. मग तो म्हणाला, "फुल अहेड," आणि आवाज इतका बारीक निघाला की त्याला परत म्हणावं लागलं. सबंध जहाज थरथरलं. मागं गढूळ चिखल उसळून वर आला. नाक जागच्या जागी घुटमळलं आणि उजवीकडे वळू लागलं. काठावर एक म्हैस आमच्याकडे बघत रवंथ करत होती, इतके आम्ही जवळ होतो.

गार्डनरीचला माझं काम संपलं. तिथून पुढे गोदीत नेणारा दुसरा माणूस येतो. मास्तर सहसा पायलटला सोडायला शिडीपर्यंत येत नाही, पण मॅथ्यू आला. त्यानं माझा हात धरला.

"तुम्ही आता घरी जाणार?" त्यानं विचारलं.

"हो."

"पायलट सगळे उतरून जातात," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. बघितलेली गोष्ट सांगावी तसं म्हणाला. मी लाँचमधून वर पाहिलं तर तो कठड्याशी उभाच होता, आणि इतक्या माणसांच्या जहाजावर त्याच्या आजूबाजूला कुणी नव्हतं.

घरी येऊन मी ही हकीकत रंगवून सांगितली. म्हशीपाशी राधिका खूप हसली. सुनंदा हसली नाही. ती म्हणाली, "त्यानं तुम्हाला ऑर्डर की ॲडव्हाइस हे कायदा म्हणून विचारलं असेल का हो?"

"मग काय म्हणून?"

"मला वाटतं, त्याला कुणीतरी बरोबर हवं होतं."

मी तिला सगळा नियम पुन्हा समजावला. मी ऑर्डर म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि एका जहाजावर दोन मास्तर झाले की जहाज बुडतं. ती म्हणाली, "तुमचं बरोबरच आहे," आणि ताटं मांडायला गेली. नंतर पुष्कळदा मला वाटलं, की ती तेव्हा मॅथ्यूबद्दल बोलत नसावी. पण हे वाटायला फार वर्षं गेली.

मी निवृत्त झालो. सुनंदाही शाळेतून मोकळी झाली. आता दोघं मिळून काय काय करायचं ते ती ठरवत होती आणि मी दोन्ही बाजू मांडत होतो. मग गेल्या वर्षी तिचं डोकं दुखायला लागलं, एक हात जड वाटायला लागला. तपासण्या झाल्या. मेंदूत गाठ निघाली.

बायपासवरच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला ठेवलं होतं. डॉक्टर तरुण, बंगाली, अतिशय सभ्य माणूस. त्यानं मला खोलीबाहेर बोलावून सगळं नीट सांगितलं. ऑपरेशन केलं तर काही काळ वाढेल, पण टेबलावरच काही होण्याचा धोका आहे, आणि गाठ जिथं आहे तिथं हात घातला तर बोलणं कायमचं जाऊ शकतं. नाही केलं तर फार दिवस नाहीत, पण जे आहेत ते शुद्धीत आणि बोलते जातील. अगदी स्वच्छ सांगितलं. मी असतो तर असंच सांगितलं असतं. मी विचारलं, "तुम्ही काय कराल?"

तो म्हणाला, "काकूंची, आय मीन, मिसेसची इच्छा आणि तुमची. मी फक्त ॲडव्हाइस देऊ शकतो. डिसिजन तुमचं." आणि घड्याळाकडे न बघता, पण घड्याळाकडे बघणाऱ्या माणसाच्या मऊपणानं, माझ्या दंडाला हात लावून तो पुढच्या खोलीत गेला.

मी त्या पॅसेजमध्ये उभा राहिलो. पांढऱ्या कोटातले लोक ये-जा करत होते, सगळ्यांना कुठंतरी जायचं होतं. मी भिंतीला हात टेकला. मला मॅथ्यूचा पांढरा ओठ दिसला. मला कुणाला तरी विचारायचं होतं, अहो, ही ऑर्डर आहे का? असेल तर बरं होईल. म्हणा ना ऑर्डर.

राधिकाला पुण्याला फोन केला. ती रडत म्हणाली, "बाबा, मी उद्या पोचते, पण तुम्ही ठरवा. तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य आहे." ठरवणं दुसऱ्यावर सोपवायला माझ्याकडूनच शिकलेली मुलगी.

आत गेलो तर सुनंदा जागी होती. मी खुर्ची ओढली आणि तिला सगळं सांगितलं. लपवायचं नाही हे आमचं आधीच ठरलेलं होतं, म्हणजे तिनं ठरवलेलं होतं. ऑपरेशन केलं तर हे, नाही केलं तर ते. मी बोलत होतो आणि माझाच आवाज मला ऐकू येत होता, चहाच्या वेळचा, दोन्ही बाजू मांडणारा. शेवटी म्हणालो, "आता तू म्हणशील तसं."

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "नको."

"ऑपरेशन नको?"

"ते नाही हो. 'तू म्हणशील तसं' नको." मग म्हणाली, "मी दमले. राधिकाची शाळा मी ठरवली, बाबांचा पाय मी ठरवला. त्यांचं ऑपरेशन बिघडलं असतं तर? तेव्हा तुम्ही सागरला होतात. मी पॅसेजमध्ये एकटी उभी होते. हे तरी मला ठरवायला लावू नका. सल्ला पुरे झाला तुमचा. एकदा हुकूम द्या."

इतक्या वर्षांचा संसार, आणि सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी ती पॅसेजमध्ये उभी होती हे मला माहीत नव्हतं. मी परत आलो तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं, छान झालेलं होतं, आणि तिनं मला चहा दिला होता.

नदीत वाळू कुठं आहे ते मला कळायचं, कारण मी रोज मोजायचो. इथं काहीच मोजलेलं नव्हतं. ऑपरेशन केलं असतं तर कदाचित ती आज हे वाचून शुद्धलेखन काढत बसली असती. कदाचित नुसती बघत पडली असती, एक शब्द न बोलता, आणि वर्गातल्या मुलींची नावं तिला आठवली असती पण उच्चारता आली नसती. मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. मी तिचा हात धरला आणि म्हणालो,

"घरी चल."

"सल्ला?"

"नाही. हुकूम."

तिनं डोळे मिटले. "बरं, मास्तर," ती म्हणाली. "पाणी खाते थोडं."

तिला घरी आणलं. राधिका येऊन राहिली, रजा संपल्यावर जाऊन परत आली. सुनंदा बोलत होती, शेवटपर्यंत बोलत होती. घोषदांच्या बायकोशी बंगालीत, आमच्याशी मराठीत, आणि झोपेत दोन्हींत. एका पौर्णिमेला ती म्हणाली, बान बघायचाय. घोषदांनी आणि मी तिला खुर्चीसकट गच्चीवर नेलं. ऊन होतं. खाली घाटावर पोरं ओरडत वर पळाली, होड्या मध्यावर नेऊन उभ्या केल्या होत्या, आणि पाण्याची ती भिंत पुलाकडून चढत आली, घाटाच्या पायऱ्या धुऊन पुढे गेली. सुनंदा बघत होती. मग म्हणाली, "किती हलकं वाटतंय माहितीये? मला काही ठरवायचंच नाहीये."

इतकी वर्षं जहाजावरून उतरताना मला वाटायचं, एकटेपण इथं ठेवून मी घरी चाललोय. ब्रिजवर एकटं कोण उभं होतं ते मला त्या गच्चीवर कळलं. तिच्या खांद्यावर शाल होती, ती मी उगीचच नीट केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी, ती गेली. राधिका न्हाणीघरात होती. मी चहा टाकत होतो.

मग घर भरलं. जिन्यावर चपला जमल्या. मंडळाचे लोक आले, तिच्या शाळेतल्या बाया आल्या, तिच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या. राधिका तिच्याजवळ बसून होती, तिला कुणी काही विचारू नये असं तिच्याकडे बघूनच कळत होतं. म्हणून सगळे मला विचारत होते. साडी कुठली नेसवायची, भटजी मराठी हवा की इथला चालेल, कुणाकुणासाठी थांबायचं. घोषदा माझ्यासमोर उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "बसंतदा, बोलून, कखन बेरोबो?" म्हणजे, सांगा, कधी निघायचं.

मी उठलो. म्हटलं, "एक मिनिट थांबा घोषदा, सुनंदाला विचारून सांगतो," आणि स्वयंपाकघराकडे निघालो.